खाकरणारं दार

ठमी झोपली की प्रेरणाचं ऑफिस उघडायचं आणि ठमी जागी झाली की बंद व्हायचं. अल्लीपूरच्या त्या घरात बैठकीतल्या कडीला पाळणा टांगलेला. पाळण्याची दोरी प्रेरणाच्या पायाच्या अंगठ्यात आणि लॅपटॉप मांडीवर. पाय झोका देत राही, बोटं लिहीत राहत. एखादी ओळ अडली की पाय थांबे, आणि पाय थांबला की ठमी टक्कन डोळे उघडी.

"तुह्या मशीनचं बटन तुह्या पोरीपाशी हाय," यशोदाबाई म्हणायच्या. यशोदाबाई म्हणजे प्रेरणाच्या सासूबाई. सुनेचं काम त्यांना पुरतं कळत नसे, पण ते चाललेलं असताना घरात कुकरची शिटी होऊ देत नसत. भाजी पातेल्यात शिजायची.

काम म्हणजे प्रेरणा एक गाव बांधत होती. विटामातीचं नव्हे, फोनमधलं. नागपूरच्या एका लहानशा कंपनीला नव्याने बाळंत झालेल्या बायांसाठी असं गाव हवं होतं, की घराबाहेर पाऊल न टाकता त्यांना एकमेकींकडे जाता यावं. फोन उघडला की प्रत्येकीची एक बाहुली तिथे उभी राही. बोटाने सरकवली की बाहुली चाले, आपण बोललं की ती बोले. मधे विहीर, विहिरीला लागून ओटा, कडेला शेवग्याचं झाड आणि एक खोली. त्या खोलीत दुपारी छाया सिस्टर यायच्या. जन्मभर बाळंतिणींची सेवा करून निवृत्त झालेल्या परिचारिका, राहायला सेवाग्रामला. त्यांची बाहुलीसुद्धा पांढऱ्या साडीतच होती. 

गावाचं नाव 'परसदार'. ते प्रेरणाने ठेवलं. बायांच्या खऱ्या गोष्टी घराच्या पुढच्या अंगाला कधी होतात का? त्या होतात मागे, भांडी घासताना.

यशोदाबाईंनी एकदा विचारलं, "अन् तू त्यात लिहितं काय दिवसभर?"

"आई, तिथलं दार, झोपाळा, विहीर, कोणीच आपल्या मनानं काही करत नाही. त्यांना शिकवावं लागते. कोणी जवळ आलं तर उघडजो, कोणी बोललं तर इतक्या लांबपर्यंत ऐकवजो. त्यालेच स्क्रिप्ट म्हणतात."

"म्हंजे सांगितलं तेवढंच करते."

"तेवढंच."

"सुनांपेक्षा बरं हाय मंग," यशोदाबाई म्हणाल्या आणि स्वतःच हसत आत गेल्या.

गाव उभं राहिल्यावर ते कोणाला वापरता येतं का, हे बघायचं होतं. पहिल्या यशोदाबाईच. त्यांची बाहुली खोलीच्या दारात जी उभी राहिली ती तिथेच. दार उघडायचं बारीक बटण कोपऱ्यात होतं, ते त्यांना सापडेना. वळून विहिरीकडे आल्या तर शेवग्याखालच्या बायांचं बोलणं ऐकू येईना. "दार उघडत नाई, आवाज येत नाई," त्या वैतागल्या. "मेलेल्या मान्सायचं गाव बनवलं काय वं माय तू?"

गल्लीतल्या बाकीच्या जणींचंही तेच झालं. मग प्रेरणाने सगळं सैल केलं. दार जवळ जाताच आपोआप उघडावं. आवाज गावात कुठेही ऐकू यावा, मधे भिंत असली तरी. कोणी अडकू नये, कोणाला एकटं वाटू नये, एवढंच तिच्या मनात होतं. नागपूरहून काम पाहणारा अनुप खूश झाला. "आता एकही बाई अडकत नाहीये! झकास, प्रेरणा." तीही खूश झाली. त्या दिवशी तिने ठमीच्या दोन पाप्या जास्त घेतल्या.

भिंतीतून आवाज जातो म्हणजे काय होतं, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

परसदाराला सगळ्यात जास्त जीव लावला तो काजलने. काजलचं घर गल्लीच्या टोकाला. माहेर तिकडे गिरडजवळ, पहिलं बाळंतपण, मुलगा झालेला. दुपारी बाळ झोपलं की ती फोन घेऊन गच्चीवर जायची, कारण खाली सासू, दीर, येणारेजाणारे. "ताई," ती प्रेरणाला एकदा म्हणाली होती, "घरात सारे बाळालेच पाह्यतात. या तुमच्या गावात मले कोनी तरी पाह्यते."

हे वाक्य प्रेरणाने जपून ठेवलं होतं.

एका दुपारी काजलची बाहुली खोलीत गेली. आत छाया सिस्टर होत्या. बाहेर विहिरीपाशी काजलच्या सासूची, सुलोचनाबाईंची बाहुली नुसतीच उभी होती; गाव तपासून बघायला प्रेरणाने गल्लीतल्या सासवांनाही घेतलं होतं. हलत नव्हती, बोलत नव्हती. काजलला वाटलं, आई गेल्या, बाहुली राहिली. तसं रोजच होत असे. बाया फोन तसाच ठेवून उठून जात आणि त्यांच्या बाहुल्या विहिरीवर ताटकळत राहत. पण सुलोचनाबाई गेल्या नव्हत्या. फोन शेजारी ठेवून त्या सुपात तूर पाखडत होत्या, आणि फोनचा आवाज पूर्ण मोठा होता.

त्या सुपावर फोनमधून काजलचा आवाज पडला. "सिस्टर, मले बाळाले पाहून काईच वाटत नाई. नुसतं रडू येते. वाटते, कोनी याले घेऊन जावं अन् मले झोपू द्यावं."

सुलोचनाबाई काही दुष्ट बाई नव्हत्या. त्या घाबरल्या. आणि घाबरलेलं माणूस जे करतं तेच त्यांनी केलं, पहिली भेटली तिला सांगितलं. "माही सून म्हनते लेकरू नको. आता का करू वं?" पहिलीने दुसरीला सांगितलं. दिवस मावळायच्या आत ते बोलणं गल्लीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन काजलपाशी परत आलं, येताना चांगलं फुगून.

दुसऱ्या दिवशी काजल परसदारात आली नाही. त्याच्या पुढेही नाही. गच्चीवर कपडे वाळत घालताना प्रेरणा दिसली की ती पाठ फिरवी.

मग छाया सिस्टरांचा फोन आला. "प्रेरणा, काजल माझ्याशी काय बोलली ते मी तुला सांगणार नाही."

"मला गल्लीतून कळलं, सिस्टर," प्रेरणा म्हणाली. तिला स्वतःचाच आवाज नको झाला.

"मग ऐक. असं होतं बाळंतिणीला, पुष्कळींना होतं, आणि बरंही होतं. पण बोलणं तुटता कामा नये. मी तिला फोन केला तर ती सगळ्यांसमोर उचलते आणि 'बरी आहे' म्हणते. बरी नाहीये ती. तिला बोलायला आडोसा हवा. तू तिला परत आण."

प्रेरणाने लॅपटॉप मिटला. ठमी पाळण्यात जागीच होती, आपलीच मूठ चोखत. हिला बघून मला काही वाटलंच नसतं तर? आणि ते मी ज्या भिंतीआड बोलले ती भिंत खोटी निघाली असती तर? तिने ठमीला उचलून छातीशी धरलं.

अनुपला तिने सगळं सांगितलं. तो वाईट माणूस नव्हता, त्यालाही लागलं. पण त्याचं उत्तर झटपट होतं. "सुरुवातीला एक पान टाकू. तुमचं बोलणं इतरांना ऐकू जाऊ शकतं, मान्य आहे का? खाली खूण करायची. आणि आवाज किती लांब जावा, ते ज्याचं त्याने ठरवायला सेटिंग देऊ."

"अनुप, दाराचं बटण सापडत नव्हतं त्या बायांना. त्या सेटिंग कुठं शोधतील? आणि ते पान कोण वाचतं? तू वाचतोस?"

तो म्हणाला, "मग काय करायचं, तू सांग. दार घट्ट केलं तर त्या अडकतात. सैल केलं तर हे असं."

दोन दिवस ती तेच घोकत राहिली. पोळी लाटताना, लंगोट धुताना. उघडं की बंद, उघडं की बंद.

तिसऱ्या दिवशी टळटळीत दुपारी ती बैठकीतच पदर सोडून ठमीला पाजत बसली होती. पंख्याखाली तीच एक जागा वाऱ्याची होती. यशोदाबाई मागे वाळवण राखत होत्या. फाटकाची कडी वाजली आणि पाठोपाठ आवाज आला, "अ-हुंऽऽ... अहूं."

सासरे लक्ष्मणराव वावरातून आले होते. कापूस वेचणी चालू होती. फाटकात ते खाकरले. मग चपला झटकल्या, गरज नसताना रांजणावरचं झाकण वाजवलं, पुन्हा एकदा खाकरले. तेवढ्यात प्रेरणाने पदर सारखा केला, ठमीला सावरलं आणि सवयीने म्हणाली, "या, बाबा."

लक्ष्मणराव खाली बघत आत आले आणि सरळ आतल्या खोलीत गेले.

प्रेरणा मात्र तशीच बसून राहिली. लग्न होऊन या घरात आल्यापासून हा माणूस एकदाही न खाकरता उंबरठ्याच्या आत आलेला नव्हता. स्वतःच्या घरात. आणि तिने कधी ते मोजलंच नव्हतं, जसं आपण श्वास मोजत नाही.

तिला लग्नानंतरचे पहिले दिवस आठवले. वर्ध्याला माहेरी तिच्या वडिलांना अशी सवय नव्हती. तिला वाटलं सासऱ्यांना खोकला झालाय. नव्या सुनेच्या उत्साहात तिने औषधाच्या दुकानातून खोकल्याची बाटली आणली आणि चमचा भरून पुढे धरला. लक्ष्मणरावांनी चमच्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने औषध घेतलं. बाटली संपेपर्यंत सकाळ-संध्याकाळ घेतलं. कडू तोंड करून, एक शब्द न बोलता. पुढे कधीतरी यशोदाबाईंनी डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत सांगितलं, "अवं माय, ते खोकला नाई, ते आपल्यासाठी खाकरतात! म्या म्हनलं सांगा तिले, तं म्हने, पोरगी लाजन. पिऊन घेतो."

ती आठवण आली तशी प्रेरणाला हसू आलं आणि त्याच दमात रडूही. ठमी तोंडातलं दूध सोडून आईकडे बघायला लागली.

दार उघडं की बंद, हा प्रश्नच नव्हता. या घराचं दार दिवसभर सताड उघडं असतं. पण येणारा आधी कळवतो. आतला 'ये' म्हणतो, मग तो येतो. बटण नाही, पान नाही, खूण नाही. शिकवावं लागत नाही, कारण गावातल्या प्रत्येकाला ते आधीच येतं.

त्या संध्याकाळी ठमीला यशोदाबाईंकडे देऊन तिने दाराला नव्याने वागायला शिकवलं. भिंतीतून आवाज बाहेर जायचा नाही, काही झालं तरी. दाराच्या जवळ कोणी आलं की दार उघडायचं नाही, खाकरायचं. तो आवाज आतही ऐकू जायचा आणि बाहेरही. आतून 'ये' म्हटलं तरच उघडायचं. आणि विहिरीवर जी बाहुली हलत-बोलत नाही, तिचे कान थोड्या वेळाने आपोआप मिटायचे, फोन सुपाशेजारी असो की उशाशी. कान मिटलेली बाहुली ओट्यावर बसलेली दिसेल, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल.

आता खाकरणं हवं होतं. आयतं कुठलंतरी घेववेना.

"बाबा, तुमचं खाकरणं द्याल?" तिने विचारलं.

लक्ष्मणराव ताटावर बसले होते. घास हातातच राहिला. "काय देऊ?"

"खाकरणं. दारात खाकरता ना, ते. मला फोनमध्ये भरून घ्यायचं आहे."

त्यांनी बायकोकडे पाहिलं. यशोदाबाई पदर तोंडात धरून बसल्या होत्या. जेवण झाल्यावर त्यांनी फोनसमोर बसून प्रयत्न केला. एक बारीक, कोरडा आवाज निघाला, कोंबडीच्या घशात दाणा अडकल्यासारखा.

"असं नाई हो," यशोदाबाई म्हणाल्या. "रोज तं गाव हालवता."

"अशानं कसं येईन? दारात असल्याबिगर येत नाई थे."

मग त्यांना फाटकाबाहेर पाठवलं. प्रेरणा फोन घेऊन बैठकीत, यशोदाबाई ठमीला घेऊन. लक्ष्मणराव बाहेर गेले, उगाच रस्त्यावर इकडेतिकडे पाहिलं, परत फिरले. कडी वाजली आणि घसा भरून, खणखणीत, "अ-हुंऽऽ... अहूं." ठमी खुदकन हसली. ते हसूही आवाजात आलं. प्रेरणाने ते कापून टाकलं नाही. आधी खाकरणं, मग पुसटसं एका लेकराचं हसू. दाराला ते चांगलं शोभत होतं.

दुसऱ्या दिवशी ती काजलकडे गेली. ठमीला कडेवर घेऊन. काजल गच्चीवरच होती. कपडे वाळून गेले होते तरी काढत नव्हती.

"मी माफी मागायला आली," प्रेरणा म्हणाली. "ती भिंत मी लिहिली होती, काजल. दिसायला भिंत होती, पण तुझं बोलणं तिनं अडवलं नाही. तुझी काहीच चूक नव्हती. आईंचीही नव्हती फारशी. माझी होती."

काजल दोरीवरचे चिमटे मोजू लागली. मग म्हणाली, "मले वाटलं, मीच जोरात बोलली असन."

हे ऐकून प्रेरणाला आणखीनच लागलं. तिने नवं दार दाखवलं, काजलच्याच फोनवर, तिच्याच हाताने. बाहुली खोलीपाशी नेली. फोन खाकरला.

काजलने दचकून गल्लीत वाकून पाहिलं. "लक्ष्मणकाका आले?"

"दारात आहेत तुझ्या. बसवलेच त्यांना तिथं."

काजलच्या तोंडावर हसू येतं-येतं म्हणेस्तोवर डोळे भरून आले. "ताई, म्या जे बोलली थे खरं हाय पन. अजून तसंच वाटते."

"मला नको सांगू," प्रेरणा हळूच म्हणाली. "म्हणजे, सांगावंसं वाटलं तर सांग. पण सिस्टर वाट पाहत आहेत तुझी."

खाली उतरताना ती सुलोचनाबाईंपाशी थांबली. त्या चुलीशी होत्या, वर न बघता म्हणाल्या, "लोकं म्हनतात म्या सुनेची बदनामी केली. मले का मालूम होतं असं असते? आमाले झालं असन तरी सांगावं कोनाले? सासू खाकरत नव्हती आमची." म्हणजे गच्चीवरचं खाकरण्याचं बोलणं चुलीपाशीही ऐकू आलं होतं, हे प्रेरणाच्या ध्यानात आलं. त्या घराच्या भिंती तिच्या हातात नव्हत्या.

"काकू," ती म्हणाली, "दुपारी काजल सिस्टरशी बोलायला बसली तर तेवढा वेळ बाळाला घेऊन आमच्याकडे येजा. आई वाट पाहतील. तूरही घेऊन या, मिळून पाखडू."

सुलोचनाबाईंनी फुंकणी खाली ठेवली.

दुपारी त्या आल्या. एका काखेत नातू, दुसऱ्यात सूप. यशोदाबाईंनी काही न विचारता सतरंजी टाकली. पाळण्यात ठमी, सुलोचनाबाईंच्या मांडीवर काजलचा मुलगा, आणि प्रेरणाच्या मांडीवर लॅपटॉप. पडद्यावर परसदार उघडलेलं. खोलीपाशी काजलची बाहुली आली. लॅपटॉपमधलं दार खाकरलं.

सुलोचनाबाईंचा हात झटकन डोक्यावरच्या पदराकडे गेला.

"अवं, थे घरी नाईत," यशोदाबाई म्हणाल्या. "वावरात हायत. हे मशीनमधले."

"जलमाची सवय," सुलोचनाबाई पुटपुटल्या, पण पदर तसाच राहू दिला.

आतून सिस्टरांनी 'ये' म्हटलं असावं, कारण दार उघडलं आणि काजलची बाहुली आत जाताच पुन्हा बंद झालं. मग पडद्यावर काहीच घडेना. विहीर, शेवग्याचं झाड, बंद दार. आवाज नाही.

थोड्या वेळाने सुलोचनाबाईंनी मान वाकवून लॅपटॉपात पाहिलं. "का बोलत असन वं?"

"माहीत नाही, काकू. ऐकू येत नाही."

"तुवाच बनवलं ना थे? तुले तरी येत असन."

"मलाही नाही येत. तसंच बनवलं."

सुलोचनाबाई बंद दाराकडे पाहत राहिल्या. नातवाने झोपेत त्यांचं बोट धरलं होतं, ते त्यांनी सोडवलं नाही. "बरं केलं," त्या म्हणाल्या आणि एका हातानेच सूप पुढे ओढलं.

ती दुपार तशीच गेली आणि तिच्यानंतरच्याही काही गेल्या. काजल रोज बरी होत होती असं नाही. एखाद्या दिवशी दार उघडलं तरी ती आत न जाता निघून जाई. पण येत राहिली. पुढे सिस्टरांच्या सांगण्यावरून सेवाग्रामला डॉक्टरांना दाखवायला गेली तेव्हा सोबत सुलोचनाबाईच होत्या, डबा घेऊन. आणि अनुपने पान टाकायचा हट्ट सोडला, दुसऱ्या गावांसाठी त्याने फक्त एवढंच विचारलं, "खाकरणं तेच राहू दे ना? आमच्या ऑफिसात पण सगळ्यांना आवडलं."

मग एका दुपारी काजलची बाहुली आत होती, बाया सतरंजीवर, लेकरं झोपलेली. प्रेरणा पायाने झोका देत दाराची एक बारीक ओळ सुधारत होती. तेवढ्यात खाकरणं ऐकू आलं. तिने पटकन पडद्यावर पाहिलं. खोलीपाशी कोणीच नव्हतं. विहीर रिकामी, ओटा रिकामा. आता हे का वाजलं बाई उगाच, असं म्हणत ती ओळी चाळू लागली.

रांजणावरचं झाकण वाजलं. चपला झटकल्याचा आवाज आला.

प्रेरणाने लॅपटॉपवरून नजर उचलली. फाटकात लक्ष्मणराव उभे होते, खांद्यावर कापसाचं गाठोडं, नजर जमिनीवर. आतून हाक येण्याची वाट बघत. आजवर किती वेळा असे उभे राहिले असतील.

तिने लॅपटॉप बाजूला ठेवला, पदर सावरला आणि उठून दारापर्यंत गेली. रोज ती बसल्या जागेवरूनच म्हणायची.

"या, बाबा," ती म्हणाली. "या."